आधी सांगा, मग चालवा

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला ‘नाशिक’ या शब्दाची लांबी विचारली, तर तो ५ असे उत्तर देतो. शाळेत शिकलेल्या हिशेबाने या शब्दात ना, शि आणि क अशी तीन अक्षरे आहेत. पण संगणकाच्या आत युनिकोड या, लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीप्रमाणे न, काना, श, पहिली वेलांटी आणि क अशी पाच चिन्हे एकापाठोपाठ एक ठेवलेली असतात आणि पायथन ती पाच चिन्हे मोजतो. वेलांटी डोळ्यांना श च्या आधी दिसते, साठवताना मात्र ती श च्या नंतर येते. म्हणून हाच शब्द उलटा करायला सांगितला की मुलांना अपेक्षित असलेला ‘कशिना’ पडद्यावर येत नाही, ‘किशान’ येतो, कारण उलट्या क्रमात वेलांटी क च्या पाठीमागे आणि काना श च्या पाठीमागे जाऊन बसतो.

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या तासाला मी हाच प्रश्न घेते. ब्राउझर उघडलेला असतो, दोन ओळींचा प्रोग्रॅम समोर असतो, पण बटणाला हात लावायच्या आधी प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहायचे असते. ज्याने आधी ३ लिहिले आहे, त्याला पडद्यावरचे ५ स्वस्थ बसू देत नाही; तो शेजाऱ्याशी वाद घालतो, ‘मॅडम, यात काहीतरी चुकलंय’ म्हणतो, मग ‘गोदावरी’ आणि ‘त्र्यंबक’ हे शब्द घालून बघतो आणि जोडाक्षरात हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, वेगळे मोजले जाते हे स्वतःच शोधून काढतो. ज्याने काहीच लिहिलेले नसते, तो ५ पाहतो, मान डोलावतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. एकाच वर्गात, एकाच साधनावर, एकाच मिनिटात एक मुलगा शिकतो आणि दुसरा शिकत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की ऑनलाइन साधनांविषयीचे माझे सगळे मत त्याभोवतीच घडले आहे.

नाशिकमध्ये डिप्लोमाच्या मुलांना मी प्रोग्रॅमिंग, कॅड (म्हणजे संगणकावर आराखडे काढणे) आणि गणिती आकडेमोडीच्या पद्धती शिकवते. हे तीन विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या रकान्यांत असले, तरी शिकवताना त्यांची अडचण एकच असते: ज्याविषयी बोलायचे ते दिसत नाही. प्रोग्रॅम चालत असताना स्मृतीत काय बदलले ते दिसत नाही, कागदावरच्या तीन आकृत्यांमागची घन वस्तू दिसत नाही, आणि आकडेमोडीत कोणत्या टप्प्यावर किती अंक गळाले तेही दिसत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभरातल्या अनेकांनी हे न दिसणारे दाखवणारी साधने मनापासून घडवली आणि त्यांतली बरीचशी फुकट खुली केली. ही फार मोठी देणगी आहे असे मी मानते. ती कारणी लागते की वाया जाते, हे मात्र बटण दाबण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात ठरते.

पायथन ट्यूटर हे त्यातले माझे सर्वांत आवडते साधन. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये ते सुरू केले. त्यात आपला प्रोग्रॅम एकेक ओळ पुढे-मागे नेता येतो आणि प्रत्येक ओळीनंतर कोणत्या नावात काय आहे, याचे चित्र शेजारी उमटते. लासलगावच्या कांद्याचे तीन दिवसांचे भाव एका यादीत ठेवावेत, त्या यादीला दुसरे नाव द्यावे, दुसऱ्या नावाने चौथ्या दिवसाचा भाव जोडावा आणि मग पहिल्या नावाच्या यादीत किती भाव आहेत असे विचारावे. वर्गातले बहुतेक जण तीन म्हणतात. उत्तर चार येते. फळ्यावर हे कितीही समजावले, तरी ‘मग ते दुसरं नाव कशाला दिलं?’ हा प्रश्न उरतोच. पायथन ट्यूटरच्या चित्रात दोन नावांतून निघालेले दोन बाण एकाच चौकटीवर जाऊन टेकलेले दिसतात आणि नाव दिल्याने नवी वस्तू तयार होत नाही हे एका नजरेत कळते. त्यानंतर मी यादीची खरी प्रत काढायला लावते. आता चौकटी दोन होतात. मग यादीच्या आत यादी ठेवून तिची प्रत काढायला सांगते आणि पुन्हा वहीत उत्तर मागते. बाहेरची चौकट नवी होते, पण आतल्या बाणांचे टोक जुन्याच यादीवर राहते. हा खोडकर प्रश्न नोकरीतल्या मुलाखतींत विचारला जातो म्हणून तो शिकवावा असे काहींचे म्हणणे असते. मला तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. आपल्या मनातले चित्र आणि यंत्रातले चित्र यांत फरक असू शकतो, हे ज्याला एकदा मनापासून पटले, तो पुढे कोणत्याही भाषेत शंका घेत, तपासत शिकतो.

मुलांच्या हातात यंत्र देऊन त्यांना विचार करायला लावण्याची ही परंपरा जुनी आहे. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, वॉली फॉइरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही भाषा तयार केली, तिच्यातले कासव पुढे मुलांच्या आज्ञेवर चालू लागले, आणि २००७ मध्ये एमआयटीने खुल्या केलेल्या स्क्रॅचमधले ठोकळे त्याच घराण्यातले आहेत. कासव चौकोन काढेल असे वाटले आणि त्याने भलतेच काही काढले, तर मुलाने स्वतः उठून त्या आज्ञांप्रमाणे चालून बघावे, अशी पॅपर्ट यांची धारणा होती. आजही कासवाला पंचकोन काढायला लावताना वळणाचा कोन १०८ द्यावा की ७२, हे वर्गातल्या मोकळ्या जागेत चालून बघितल्याशिवाय पटत नाही. आतला कोन १०८ अंशांचा असतो, पण चालणाऱ्याला वळावे लागते ते ७२ अंशांतून.

संगणकावरच्या नोटबुकांविषयी, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी प्रोग्रॅम चालवता येणाऱ्या पानांविषयी, थोडे सावधपणे बोलायला हवे. फर्नांडो पेरेझ यांनी विद्यार्थिदशेत असताना २००१ मध्ये आयपायथन सुरू केले, त्यातून २०१४ मध्ये ज्युपिटर हा प्रकल्प उभा राहिला, आणि लेखन, सूत्रे, प्रोग्रॅम व आलेख एकाच कागदावर सलग मांडण्याची सोय शास्त्रज्ञांइतकीच विद्यार्थ्यांनाही मिळाली. गुगल कोलॅबमुळे तर काहीही बसवून न घेता ते सगळे ब्राउझरमध्ये आले. तरीही नवशिक्याच्या हाती नोटबुक देताना मी पहिल्याच दिवशी त्यातला एक धोका दाखवते. नोटबुकातले कप्पे कोणत्याही क्रमाने चालवता येतात, आणि एखादा कप्पा पुसून टाकला तरी त्यात तयार झालेले नाव स्मृतीत जिवंत राहते. मुलाच्या पडद्यावर बरोबर उत्तर दिसत असते. तेच नोटबुक घरी जाऊन उघडले की ते अडते आणि ‘वर्गात तर चालत होतं’ अशी तक्रार येते. म्हणून काम जमा करण्यापूर्वी सगळे पुसून वरून खाली एकदा चालवायचे आणि त्याआधी शेवटचा आकडा वहीत लिहायचा, असा दंडक आहे. ज्युलिया भाषेतल्या प्लूटो या नोटबुकाने हा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे. तिथे एक कप्पा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे कप्पे आपोआप बदलतात, आणि कप्पा पुसला की त्यातले नावही जाते. शिकवण्याच्या दृष्टीने मला ही मांडणी अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिथे समोर जे दिसते तेच आत असते.

प्रोग्रॅम नेमका चालतो कुठे, हा प्रश्नही मी मुलांना विचारते. पायथन ट्यूटर किंवा कोलॅब वापरताना आपल्या ओळी दूरच्या सर्व्हरवर जातात, तिथे चालतात आणि उत्तर परत येते. म्हणून नेट गेले की काम थांबते, आणि कोलॅब बराच वेळ तसेच ठेवले की सर्व्हरवरचे आपले सत्र संपते व त्यातली नावे नाहीशी होतात. पायोडाइड या साधनाने वेगळी वाट काढली. मोझिलामध्ये २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने पायथनच वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या रूपात, उतरवला, त्यामुळे प्रोग्रॅम ब्राउझरच्या आत, आपल्याच यंत्रावर चालतो. ज्युपिटरलाइट हे ज्युपिटरचे हलके रूप त्याच्यावरच उभे आहे. एकदा पान पूर्ण उतरले की पुढची साधी आकडेमोड करायला नेटची गरज लागत नाही. पेठ किंवा सुरगाण्याहून शिकायला आलेला, सुट्टीत गावी गेल्यावर रेंजसाठी टेकडी चढणारा विद्यार्थी ज्याच्या वर्गात आहे, त्या शिक्षकाला हा फरक केवळ तांत्रिक वाटत नाही.

आता कॅडकडे वळते, कारण नाशिकमध्ये या विषयाला पोटापाण्याचे वजन आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आमची मुले कामाला लागतात. तिथे ड्रॉइंग हीच आज्ञा असते. टर्नरच्या किंवा सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र) चालवणाऱ्याच्या हातात कागद येतो आणि कागदावर जे आहे तसे धातूत उतरते. ड्रॉइंग चुकीचे वाचले, तर जॉब भंगारात जातो. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत आहे, म्हणजे टॉप व्ह्यू (वरून दिसणारी आकृती) फ्रंट व्ह्यूच्या (समोरून दिसणाऱ्या आकृतीच्या) खाली काढतात. अमेरिकेच्या थर्ड अँगल पद्धतीत तो वर असतो. परदेशी ग्राहकाचे ड्रॉइंग आले की कोपऱ्यातली खूण पाहूनच वाचायला सुरुवात करावी लागते. ही सवय पूर्वी ड्राफ्टर आणि शीटवर तासन्‌तास बसून अंगवळणी पडत असे. आता पहिल्या सत्रातले मूल ब्राउझरमध्ये दहा मिनिटांत घन आकार उभा करते आणि तीनही व्ह्यू यंत्राकडून काढून घेते. त्यात त्याची कल्पनाशक्ती कुठेच लागत नाही, आणि मला काळजी वाटते ती नेमकी याची.

म्हणून कॅडच्या तासालाही वही आधी उघडते. मी सांगते, एका वस्तूचा फ्रंट व्ह्यू चौरस आहे, टॉप व्ह्यूही तेवढाच चौरस आहे, आत एकही रेषा नाही. तर ती वस्तू कोणती? सगळे एकमुखाने घन म्हणतात. मग मी साइड व्ह्यू किती प्रकारचे असू शकतील ते विचारते. वर्ग शांत होतो, पेन्सिली फिरू लागतात आणि कुणाला तरी सुचते की मागून खालपर्यंत तिरकी उतरणारी पाचरही समोरून चौरसच दिसेल आणि वरूनही चौरसच दिसेल, तिचा साइड व्ह्यू मात्र त्रिकोणी असेल. त्यावरून दुसऱ्या कुणाला वर्तुळाचा पाव भाग सुचतो. तीन वेगळ्या वस्तू, दोन सारखेच व्ह्यू. हे वहीत उतरल्यानंतरच मी टिंकरकॅड किंवा ऑनशेप ही ब्राउझरमधली कॅड साधने उघडू देते. तेव्हा पडद्यावर पाचर फिरवताना त्यांच्या डोळ्यांत दिसणारी चमक निराळी असते, कारण जे मनात फिरवले तेच ते समोर फिरवून तपासत असतात.

टिंकरकॅड २०११ पासून आहे आणि आता ऑटोडेस्ककडे आहे. आकार जोडणे आणि वजा करणे एवढ्याच दोन क्रियांवर ते उभे असल्यामुळे शाळेतल्या मुलांसाठी त्याच्याइतके सोपे दुसरे काही मला आढळले नाही. पण अभियंता व्हायचे असेल तर बंधनांची भाषा शिकावी लागते आणि ती ऑनशेप किंवा फ्रीकॅडमध्ये शिकता येते. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड दाखवले, तेव्हाच पडद्यावरच्या रेषेला ‘समांतर राहा’, ‘सारखी राहा’ असे सांगण्याची कल्पना त्यात होती. आजची सगळी पॅरामेट्रिक, म्हणजे मापे आणि बंधने बदलली की आकृती बदलणारी, कॅड साधने तिचाच विस्तार आहेत. मुलांना मी आयताचे गणित करायला लावते. चार कोपरे, प्रत्येकाचे दोन निर्देशांक, म्हणजे आठ मोकळीका. दोन बाजू आडव्या आणि दोन उभ्या असे म्हटले की चार गेल्या. उरलेल्या चार कोणत्या? लांबी, रुंदी आणि आयत कागदावर कुठे ठेवायचा त्याचे दोन आकडे. हे बोटांवर मोजल्यानंतर ऑनशेपमध्ये निळ्या रेषा एकेक बंधन घालताच काळ्या होत जातात, फ्रीकॅडमध्ये सगळी आकृती हिरवी होते, आणि प्रत्येक रंगाचा अर्थ मुलाला आधीच ठाऊक असतो. नुसते माप टाकत राहणाऱ्या मुलाला एखादे बंधन जास्त झाल्याची सूचना आली की तो दिसेल ते पुसत सुटतो. मोकळीका मोजणारा मुलगा नेमके जास्तीचे बंधन शोधून काढतो.

ऑनशेपचा आणखी एक गुण शिक्षिका म्हणून मला फार मोलाचा वाटतो. त्यात केलेला प्रत्येक बदल क्रमाने नोंदलेला राहतो, त्यामुळे तयार वस्तूबरोबर ती घडवण्याचा मार्गही मला पाहता येतो. दोन मुलांचे ब्रॅकेट अगदी सारखे असते. एकाने भोके शेवटी पाडलेली असतात आणि त्यांची जागा कडेपासून बांधलेली असते, दुसऱ्याने ती अंदाजाने ओढून आणलेली असतात. जाडी ६ मिलिमीटरवरून ८ केली की पहिल्याचे मॉडेल सावरून बसते आणि दुसऱ्याचे विस्कटते. कागदाच्या शीटवर हा फरक मला कधीच दिसला नसता.

आकडेमोडीच्या पद्धती हा विषय मुलांना सर्वांत रूक्ष वाटतो आणि मला सर्वांत रसाळ. तिथे यंत्र चुकीचे उत्तर अगदी आत्मविश्वासाने देते. ८५ अंशांचा चहा २५ अंशांच्या खोलीत निवतो आहे आणि तापमानातला फरक दर मिनिटाला त्याच्या एक दशांश दराने कमी होतो, असे धरू. ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे पावलाच्या सुरुवातीचा दर पूर्ण पावलासाठी तसाच धरून, एकेक मिनिटाचे पाऊल टाकले तर पहिल्या मिनिटाला ७९ अंश येतात आणि पुढची वाट शहाण्यासारखी उतरते. आता आळस करून २५ मिनिटांचे एकच पाऊल टाकले तर? खरे उत्तर ३० अंशांच्या जरासे खाली आहे. मुले वहीत २८ लिहितात, २६ लिहितात, फार तर २५ लिहितात. ऑक्टेव्ह ऑनलाइन हे ब्राउझरमधले आकडेमोडीचे साधन उणे ६५ अंश सांगते, आणि आणखी २५ मिनिटांनी तोच चहा १६० अंशांवर गेलेला असतो. वर्ग हसतो, पण हसताना प्रत्येकाच्या हाती पेन असते, कारण हे का झाले याचे उत्तर कागदावरच्या एका ओळीत आहे: प्रत्येक पावलाला फरक उणे दीडपट होतो, म्हणून तो चिन्ह बदलत वाढत जातो. १५ मिनिटांचे पाऊल टाकले तर काय होईल, हे आता ते न चालवता सांगतात. फरक उणे अर्धा पट होत राहील, चहा उणे ५ अंशांवर जाऊन मग ४० वर येईल आणि हळूहळू स्थिरावेल. पडदा त्यांचे म्हणणे खरे ठरवतो. शिकवताना मला सर्वांत जास्त समाधान देणारा क्षण हाच असतो.

दोनचे वर्गमूळ काढण्याचा प्रयोगही मी सोडत नाही. १ पासून सुरुवात करायची, २ ला त्या संख्येने भागायचे आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. मग हीच कृती पुन्हा करायची. अपूर्णांकांत काम केले तर क्रमाने ३/२, १७/१२ आणि ५७७/४०८ मिळतात. हा तिसरा अपूर्णांक बौधायनाच्या शुल्बसूत्र या भूमितीवरच्या प्राचीन ग्रंथात दिलेल्या किमतीशी तंतोतंत जुळतो आणि दशांशचिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत बरोबर असतो. मुलांनी हे हाताने केलेले असले की पायथनच्या अपूर्णांकांच्या मॉड्यूलमध्ये चौथी पायरी पाहताना त्यांना बरोबर अंक किती झपाट्याने दुप्पट होत जातात ते जाणवते.

भास्कराचार्यांचे उदाहरण तर आपल्या मुलखातलेच म्हणायला हवे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे, आणि नाशिकरोडहून चाळीसगावला जायला थेट रेल्वे आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये बीजगणितात एक प्रश्न सोडवला: ज्याच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पूर्ण वर्ग येतो, असा पूर्णांक कोणता? चक्रवाल पद्धतीने त्यांनी दिलेले उत्तर २२,६१,५३,९८० आणि त्याच्या जोडीचा १,७६,६३,१९,०४९. युरोपात फेर्माने हाच प्रश्न १६५७ मध्ये आव्हान म्हणून मांडला. आता मोठ्या संख्येच्या वर्गातून लहान संख्येच्या वर्गाची ६१ पट वजा करायला सांगा. उत्तर १ यायला हवे. पायथन १ देतो, कारण त्याचे पूर्णांक लागतील तेवढे लांब होतात. ऑक्टेव्हमध्ये तेच लिहिले तर ० येते. तिथे साधी संख्या ६४ बिटांत, साधारण पंधरा-सोळा अंकांच्या अचूकतेने ठेवलेली असते. या वर्गांच्या आकाराला पोहोचल्यावर दोन लगतच्या संख्यांमधले अंतर ५१२ असते, आणि भास्कराचार्यांचा तो १ त्या अंतरात बुडून जातो. भास्कराचार्य चुकले की ऑक्टेव्ह, असे मी वर्गाला विचारते आणि त्यांना लिहायला वेळ देते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही हे उदाहरण सगळीकडे सांगितले जाते, पण त्यातली चूक इतकी लहान असते की मुले ती सोडून देतात. इथे एका पूर्ण एककाचा प्रश्न असतो, आणि साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी हाताने काढलेले उत्तर यंत्रापेक्षा बरोबर ठरते.

हीच साधने विज्ञानाच्या आजच्या टोकापर्यंतही नेतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या शोधयंत्रांनी टिपलेल्या गुरुत्वीय लहरीची मूळ नोंद आणि ती गाळून पाहण्याचे नोटबुक दोन्ही सर्वांसाठी खुले आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्यात उद्या काम करणारी मुले आज कुठल्या तरी तालुक्याच्या गावी पायथन शिकत असतील, असे मी वर्गात उघडपणे बोलून दाखवते. गाळणी लावण्याआधी लहर दिसेल का, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ‘थोडीशी दिसेल’ असे असते. गाळलेली नसताना नुसता गोंगाट दिसतो. जगाला हादरवणारी ती घटना एका सेकंदाच्या पाव भागाहूनही कमी वेळाची होती आणि ती शोधायला आकडेमोड लागली, हे त्यांना तेव्हा समजते.

भाषेचा मुद्दा टाळता येणार नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पायथन, सायलॅब (आकडेमोडीचे साधन) आणि अशा अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून दिले आहेत. पडदा इंग्रजी राहतो, आवाज मराठी होतो, आणि विद्यार्थी एका खिडकीत ऐकत दुसऱ्या खिडकीत स्वतः टंकत जातो. त्याच संस्थेच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी अभियांत्रिकीच्या प्रमाण पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून काढली, आणि ती ब्राउझरमधूनच चालवूनही पाहता येतात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी हे पाठ ऐकते तेव्हा तिची शंका इंग्रजीच्या ओझ्याखाली दबत नाही. ती विषयाची शंका म्हणून समोर येते. आमच्या वर्गात मी आणखी एक सवय लावली आहे. पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत चालतात, तर पहिल्या काही आठवड्यांत साठा, आवक, विसर्ग अशीच नावे द्यायची. पुढे कारखान्यात किंवा कंपनीत इंग्रजी नावे लागणारच, पण विचार पक्का होईपर्यंत तो आपल्या शब्दांत मांडता यावा असे मला मनापासून वाटते.

कोड आपणहून पुरा करणारी साधने आता या नोटबुकांच्या आतच येऊन बसली आहेत. पहिल्या सत्रात मी ती बंद ठेवायला सांगते. दुसऱ्या सत्रात उघडू देते, पण यंत्राने सुचवलेल्या ओळीलाही तोच नियम लागू होतो: ती चालवण्याआधी काय देईल ते लिहायचे. ज्या ओळीचे उत्तर आधी सांगता येत नाही, ती ओळ आपली झालेली नाही असे मी समजते, मग ती कुणीही लिहिलेली असो.

साठा, आवक आणि विसर्ग ही नावे पावसाळ्यातल्या आमच्या प्रकल्पातली आहेत. गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढले यावर नाशिककर पुराची तीव्रता जोखतात, आणि बातम्यांत गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले व होळकर पुलाखालून किती क्युसेक वाहते आहे, हे दोन आकडे शेजारीशेजारी येतात. सुरुवातीला मी साधा प्रश्न देते: १०,००० क्युसेकने, म्हणजे सेकंदाला १०,००० घनफूट, पाणी सोडत राहिले तर एक टीएमसी पाणी जायला किती वेळ लागेल? काहींना दोन तास वाटतात, काहींना आठवडा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे १,००,००० सेकंद, साधारण २८ तास. मग ते धरणाचा ताळेबंद तासातासाने मांडणारा प्रोग्रॅम लिहितात, पाऊल मोठे केले की साठा उणे होतो का ते आधी वहीत ठरवतात, आणि चहाच्या उदाहरणामुळे त्यांचे उत्तर आता बहुधा बरोबर असते.

धरणातला विसर्ग आणि पुलाखालचा प्रवाह यांचे दोन आलेख एकमेकांवर ठेवले की दुसरा पहिल्यापेक्षा उशिरा चढतो आणि पुष्कळदा उंचही जातो. उशीर म्हणजे पाण्याच्या प्रवासाचा वेळ. उंची वाढते ती धरण आणि पूल यांच्या मधल्या भागात पडलेल्या पावसाच्या पाण्याने. गेल्या तुकडीतल्या एका मुलीने मला विचारले की शहरातला पाऊस थांबलेला असताना हे दोन आलेख सारख्याच उंचीचे यायला हवेत का, आणि नदीपात्रात पसरणाऱ्या पाण्यामुळे दुसरा थोडा बुटका आणि रुंद होणार नाही का. मी तिला उत्तर सांगितले नाही. तिने आपला अंदाज तारखेसह वहीत लिहिला आहे, दुसरा आलेख किती बुटका होईल याचा आकडाही शेजारी मांडला आहे, आणि पाऊस नसलेल्या दिवसांतल्या विसर्गाचे तासातासाचे आकडे ती सध्या जमवते आहे.